निःशेष

वडिलांनी नौकाघराच्या दारावर, आतल्या बाजूने,
डांबरात ब्रश बुडवून लिहिली होती:
९६९९६९१.
आणि खाली, जरा तिरकं: मूळ.

हाल्वदान मास्तर. बेटावर अकरा मुलांची शाळा,
वार्डोहून बोट आली तर खडू, नाहीतर कोळसा.
म्हणायचे, पहिल्या आठ मूळ संख्या घ्या,
दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस.
गुणा एकमेकींशी. वर एक मिळवा.
आता आठांपैकी कुणीही येऊ दे, किती का जोर लावेना,
बाकी एक.
"दारात पाय अडकवून उभा आहे तो एक.
त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही."
इलिफ आणि मी माना डोलवायचो.
आम्हाला वाटायचं, घराबद्दलच बोलतायत.

मग इलिफ दक्षिणेला गेला, तेलाच्या फलाटावर.
मग आई.
मग ते स्वतः, एप्रिलमध्ये, जाळं विणता विणता.
ऑक्टोबरात इलिफचं पत्र आलं:
नौकाघर विकू, अर्धं तुझं, अर्धं माझं.
मी कारखान्यात कॉड तोलत होते.
पत्र मिठाच्या हातांनी वाचलं.

नोव्हेंबरात सूर्य बुडतो तो जानेवारीतच वर येतो.
त्या काळोखात, वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर
मी भागाकार मांडायला घेतले.
रात्रीला एक. जास्त नाही.
तेवीस: बाकी सोळा.
एकोणतीस: बाकी तीन.
एकतीस: बाकी आठ.
त्रेपन्नला दोनच उरले तेव्हा छातीत धडधडलं,
जवळून गेलेल्या बोटीसारखं.
एकदा शून्य आलं. रात्रभर झोप नाही.
सकाळी पाहिलं तर माझाच सात मी एक म्हणून वाचला होता.
साठ जणी आल्या आणि हात हलवत परत गेल्या.
शेवटची तीनशे सदतीस, बाकी एकशे सत्तावन्न.
मनात आलं, पुरे. मास्तरांचं खरं मानावं, दिवा मालवावा.

एकसष्टाव्या रात्री तीनशे सत्तेचाळीस.
एक हजार एकेचाळीसातून
एक हजार एकेचाळीस वजा केले
आणि रेघेखाली लिहायला काही राहिलं नाही.

मी कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होते.
तीनशे सत्तेचाळीस गुणिले
सत्तावीस हजार नऊशे त्रेपन्न.
मी तोडली नव्हती. ती तशीच होती,
डांबर ओलं होतं तेव्हाही,
आम्ही माना डोलवत होतो तेव्हाही.
एक तुकडा हाताशी, एक कुठल्या कुठे.
अर्धं अर्धं तर नाहीच.

सूर्य म्हणे दोन दिवसांपूर्वीच आला होता.
ढग होते. मला कळलं नाही.

मग तिची नोंद केली, जशी माशांची करते.
विषम. संयुक्त.
चाराने भागून तीन उरतात,
म्हणजे दोन चौरसांत ती कधी मावायची नाही.
तिचे भाजक, ती सोडून, सगळे मिळून
अठ्ठावीस हजार तीनशे एक,
तिच्या पासंगालाही पुरत नाहीत.
अशीला न्यून म्हणतात.
लिहिताना पेन अडलं.

शाळेतला एक खेळ आठवला.
प्रत्येक अंकाचा वर्ग करा, बेरीज घ्या, पुन्हा तेच.
गोल गोल फिरत राहिली तर दुःखी, एकावर येऊन थांबली तर आनंदी.
मी करून बघितलं, उभ्या उभ्या, कोट न काढता:
तीनशे सत्त्याण्णव. एकशे एकोणचाळीस. एक्याण्णव.
ब्याऐंशी. अडुसष्ट. शंभर.
एक.

तोच तो, दारात पाय अडकवलेला.

इलिफला लिहिलं: वीक.
पैसे तुझे. मला फक्त दार काढून दे.
त्यानं फोनवर विचारलं, दाराचं काय करणार?
म्हटलं, बिजागऱ्या गंजल्यात, जपून काढ.
"मूळ" मी पुसलेलं नाही.